सुरी फिरवताना घ्यायचं नाव

दस्तगीर मुलाण्याबद्दल लिहायला आमच्यातलं कोणी बसणार नाही, म्हणून मी बसले आहे. आमच्या मंडळीत ज्यांच्यावर लिहितात ती माणसं वेगळी. कोणी पायी फिरून वीस गावांत शुभवर्तमान सांगितलेलं असतं, कोणी मरताना गीत म्हटलेलं असतं. दस्तगीर बकरी कापायचा. तो ख्रिस्ती नव्हता आणि होणारही नव्हता. पण सत्तावीस वर्षं आमच्या चाळीतलं एक लग्न, एक नाताळ, एक सुगीचा सण त्याच्या हाताशिवाय झाला नाही, आणि गेल्या वर्षी, म्हणजे १९२७ साली, एका शब्दापायी आम्ही त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. मी रोज वहीत सकाळचं वचन आणि दिवसातली एक गोष्ट लिहून ठेवते, त्यामुळे कोण काय बोललं ते माझ्याकडे आहे. मी रागात लिहिते आहे हे मला ठाऊक आहे. राग निवेपर्यंत थांबले असते तर बाकीच्यांसारखी मीही विसरून गेले असते.

दस्तगीर मूळचा जेऊरकडचा. त्याच्या घराण्याकडे गावाची मुलाणकी होती. आमच्या भागात हा जुना रिवाज आहे. बकरं कोणाच्याही देवाचं असो, सुरी फिरवायला मुलाणीच लागतो. पाटलाच्या घरचं लग्न असो की धनगरांची बिरोबाची जत्रा असो, मुलाण्याने येऊन नाव घेतल्याशिवाय मटणाला कोणी हात लावत नाही. माझ्या सासऱ्यांचे वडील ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी गळ्यातला ताईत सोडला, जत्रा सोडली, दारू सोडली, पण मुलाणी सोडला नाही. तो सोडायचा असतो हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मोठ्या दुष्काळात त्यांच्या गावात कापायला बकरं राहिलं नाही, मग मुलाण्याला काम कुठलं. दस्तगीर तिशीतला, बायकोला घेऊन सोलापुरास आला आणि सरकारी कामावर खडी फोडायला बसला. माझे सासरे त्याच कामावर हजेरी घेत. आमच्या माणसांच्या मडक्यातलं पाणी तेव्हा बाकीचे मजूर घेत नसत. जीभ टाळ्याला चिकटली तरी उन्हातून दुसऱ्या मडक्याकडे जात. दस्तगीर आला, ओंजळ धरून उकिडवा बसला आणि म्हणाला, "वता की." सासरे मरेपर्यंत ही गोष्ट सांगत. दुष्काळ सरला तशी त्यांनीच त्याला भवानी पेठेपलीकडे, आमच्या चाळीमागच्या नाल्याच्या काठाला झोपडं घालून दिलं.

मी लग्न होऊन आले ती वयाच्या पंधराव्या वर्षी, आणि सासरचं पहिलं मटण शिजवलं ते त्याने कापलेलं. त्याचं काम मी पुष्कळदा पाहिलं आहे, बायकांनी पाहू नये म्हणतात तरी. तो बकऱ्याला आधी पाणी पाजायचा. सुरी सदऱ्याखाली झाकून आणायचा, जनावराला दिसू द्यायचा नाही. दोन बकरी असली तर एकाच्या देखत दुसरं कधी कापलं नाही. पश्चिमेला तोंड करून निजवायचा, डाव्या हाताने त्याचे डोळे झाकायचा, आणि मग नाव घ्यायचा, "बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर." ओरडून नाही, पुटपुटूनही नाही. पाहुणा दारातून मालकाला हाक मारतो तसं.

एकदा मी विचारलं, "दस्तगीरमामा, बकऱ्याला काय कळतंय हो तुमचं नाव?"

"बकऱ्याला कोन सांगतंय, मास्तरीणबाय?" तो म्हणाला. आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाय. "मालकाला इचारतो. जीव माजा न्हाय, तुमचाबी न्हाय. ज्याचा हाय त्याला न इचारता घेतला तर ती चोरी की."

थट्टेतही तो मागे राहायचा नाही. आमच्या देवळाची घंटा वाजली की म्हणायचा, "तुमचा देव लई झोपाळू. इतवारी घंटा बडवावी लागती तवा उटतो."

"आणि तुमच्यात दिवसातून पाच वेळा हाका मारतात, ते कोणाला उठवायला?"

"आमाला. त्यो जागाच असतो."

असा आमचा देवाधर्माचा वाद. सत्तावीस वर्षांत याहून मोठा वाद झाला नाही, आणि झाला नाही म्हणून कोणाचं काही अडलंही नाही.

मग एलियाजी उपदेशक आले. जुलैत आमच्या मंडळीवर, पाळकसाहेबांच्या मदतीला, त्यांची नेमणूक झाली. माणूस विद्वान, उर्दू वाचता येणारा, प्रार्थना सुरू केली की दिवा फडफडेपर्यंत थांबायचा नाही. त्याच सुमारास मोठ्या मशिदीत एक मौलवी उत्तरेकडून आले होते. या दोघांची बाजारात गाठ पडली आणि दर मंगळवारी वाचनालयापुढच्या ओट्यावर संवाद करायचा असं ठरलं. संवाद हा त्यांचा शब्द. एका बाजूला खुर्ची एलियाजींना, दुसऱ्या बाजूला मौलवींना, मधे गर्दी. मीही दोनदा भाजी आणायच्या निमित्ताने थांबून ऐकलं. हे म्हणत, आम्ही ज्याला पिता म्हणतो तो तुमचा अल्ला नव्हे. ते म्हणत, पोरं असणारा देव आम्हाला ठाऊकच नाही. चार आठवडे बोलून दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर मत जुळलं, की दोघांचा देव एक नाही. बाकी कशावर जुळलं नाही, पण यावर जुळलं, आणि दोघेही खूश होऊन घरी गेले.

पाचव्या मंगळवारी मौलवी हसत हसत बोलून गेले, "देव वेगळे म्हणता, उपदेशकसाहेब, पण तुमच्या ताटातलं बकरं तर अल्लाच्या नावाने कापलेलं असतं. सांगा, नाही का?"

गर्दी हसली. एलियाजींचं तोंड बंद झालं ते तिथे. आणि ओट्यावर देता आलं नाही ते उत्तर त्यांनी आमच्या चाळीत येऊन द्यायचं ठरवलं.

रविवारी उपासना झाल्यावर मंडळीची सभा भरली. बायका मागे, बोलायची मुभा पुरुषांना. एलियाजींनी मूर्तीपुढच्या मांसाबद्दल शास्त्राधार दिले आणि म्हणाले, परक्या देवाचं नाव घेऊन मारलेलं जनावर प्रीतिभोजनाला चालणार नाही. आबासाहेब, मंडळीचे वडील म्हणजे पंच, गिरणीत मजुरांवरचे जॉबर आणि वजनदार माणूस, लगेच मान हलवू लागले. आबासाहेबांच्या सहाही पोरांच्या बाप्तिस्म्याची बकरी दस्तगीरने कापली होती.

उठला तो माझा भाऊ बाळासो. तो लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता, तीन वर्षं तिकडे होता. म्हणाला, "मोसलकडे एका गावात मी नाताळला देवळात बसलो होतो. ख्रिस्ती देऊळ, वर क्रूस. तिथला पाळक अरबीत उपदेश करत होता आणि देवाला अल्लाच म्हणत होता. सगळी मंडळी अल्लाच म्हणत होती. त्यांच्या भाषेत देवाला शब्दच तो."

"ते आपल्यातले नसतील," आबासाहेब म्हणाले.

"ख्रिस्तातले होते की."

"तुला काय कळलं, बाळासो? तुला अरबी येतं?"

"अल्ला एवढं येतं."

मागच्या ओळीत बायका हसल्या. एलियाजी हसले नाहीत. "तिकडच्या लोकांचं अज्ञान आपल्याला दाखला होऊ शकत नाही," म्हणाले. म्हणजे प्रभू ज्या मुलखात जन्मला त्याच्या शेजारचे, तो गेल्यापासून त्याचं नाव धरून बसलेले लोक अज्ञानी, आणि सोलापूरच्या चाळीत दोन पिढ्यांपूर्वी ताईत काढलेले आम्ही ज्ञानी. एवढं सगळं मनात असून मी गप्प बसले. ते गप्प बसणं माझ्या खात्यावर राहीलच.

ठराव झाला. आमचे हे मंडळीचे चिटणीस, त्यांनी लिहून घेतला. मुलाण्याने मंडळीसाठी बकरे कापताना परमेश्वराचे नाव घ्यावे, अल्लाचे घेऊ नये. यांचं अक्षर फार सुरेख आहे. त्या दिवशी मला ते डोळ्यांपुढे नकोसं झालं.

ठराव सांगायला एलियाजी, आबासाहेब आणि आमचे हे असे तिघे आमच्याच ओसरीवर जमले, आणि दस्तगीरला बोलावणं धाडलं. तो आला, नेहमीसारखा पायरीवर बसला. साठीच्या आत-बाहेरचा माणूस, दाढी पांढरी, बोटं मात्र अजून तरण्याची. एलियाजींनी त्याला समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी परमेश्वर म्हनू?"

"हो."

"म्हनतो की. त्यात काय हाय. आदी परमेश्वर म्हनतो, मग माजं म्हनतो."

"तुझं नाही. फक्त परमेश्वर."

"माजं सोडून कापलं तर ते माज्यासाटी मेलेलं मढं, साहेब. मी चोर न्हाय."

"पण दोन नावं घेता येणार नाहीत, दस्तगीर. ते दोन वेगळे आहेत."

"दोन हायत?" त्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, जणू कोणीतरी थट्टा करत असावं. "आन् मंग एवडं सगळं आबाळ कुनाचं? अर्दं-अर्दं?"

आबासाहेब खाकरले. म्हणाले, आधी परमेश्वर म्हण, बाकीचं पुढच्या सभेत बघू. मी दाराशी उभी होते, दस्तगीर माझ्याकडे वळला. "मास्तरीणबाय, तुमच्या सासऱ्यांनी मला जागा दिली. त्यांच्या लोकान्ला बरं वाटत असंल तर मी म्हनंन. शिवी तर न्हाय ती."

इथे त्याचं चुकलं म्हणायचं असेल तर म्हणावं. त्याला वाटलं, माणसं समजुतीची आहेत, दोन्ही नावं घेतली की दोन्हीकडची माणसं खूश होतील. असं वाटणारा माणूस आमच्याच भागात जन्माला येऊ शकतो, आणि त्याची किंमत त्याच्याकडून वसूल करणारे बाहेरून यावे लागत नाहीत.

आठ दिवसांनी आबासाहेबांच्या भाचीचं लग्न होतं. दस्तगीरने बकरं निजवलं आणि ठरल्याप्रमाणे म्हणाला, "परमेश्वर. बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर." एलियाजी शेजारीच कान देऊन उभे. त्यांनी जेवायला नकार दिला; आता तर हे जास्तच वाईट झालं म्हणाले, प्रभूला दुसऱ्याच्या पंक्तीला बसवलं. आणि त्याच संध्याकाळी ही बातमी नाल्यापलीकडे गेली. मौलवींकडचे दोघे दस्तगीरच्या झोपड्यापुढे आले. दुसऱ्याचं नाव मिसळून कापलेलं हराम, इथून पुढे तुझ्या हातचं आम्ही घेणार नाही, असं सांगून गेले. त्याच्या स्वतःच्या आळीत दोन दिवसांनी अकीका, म्हणजे बाळाच्या नावाने बकरं कापायचा विधी, होता, नातवाच्या वयाच्या पोराचा. त्याला बोलावलं नाही. दुसऱ्या पेठेतला माणूस आणला.

हे मला मेहताबबीने सांगितलं, त्याच्या बायकोने. एरवी ती दारातून "मास्तरीण हायती का?" विचारून यायची. त्या दिवशी सरळ चुलीपाशी आली.

"तुमारे लोकान्ला क्या हुआ, गे?" ती म्हणाली. रागावली की ती अर्धी दखनी बोलते, अर्धी आमची मराठी. "हमारे लोकां बोलते, ये बुढ्ढा किरिस्ताव हो गया. तुमारे लोकां बोलते, ये मुसलमान हाय. सत्तावीस बरस कळलं न्हाय तुमाला, मुसलमान हाय म्हनून?"

"कळलं होतं, मेहताबबी."

"मंग आताच क्या याद आया? आता सांग, हा मानूस कुनाचा?"

मी तिला बसायला पाट दिला, ती बसली नाही.

"घरात बसून सुरीला धार लावतो," ती म्हणाली. "कापायला काय न्हाय, तरी सकाळी धार लावतो, सांजच्याला लावतो. मी बोलती, कशाला? तर बोलतो, हात इसरंल."

तेवढं सांगून गेली. मी दुपारभर काही केलं नाही. हे शाळेतून आल्यावर मी विचारलं, ठराव मागे कसा घेतात ते मला सांगा.

"मंडळीचा ठराव आहे, माझा नाही," हे म्हणाले.

"अक्षर तुमचं आहे."

"फुला, तू शास्त्रार्थात पडू नकोस."

"मी नाही पडत. तो माणूस पडलाय, त्याला वर काढायला सांगतेय."

यांनी चहा अर्धा ठेवला आणि शिकवणीला निघून गेले. हे वाईट नाहीत. यांना भांडण सोसत नाही, आणि भांडण न सोसणाऱ्यांच्या हातूनच जगातले निम्मे अन्याय नीट अक्षरात लिहिले जातात.

बुधवारी बायकांची प्रार्थनासभा होती. तिथे बायकांना बोलता येतं, म्हणून मी बोलले. म्हटलं, "आपण उपासनेच्या घराला देऊळ म्हणतो. हा शब्द कुठला? माझी आजी शेंदराच्या दगडाला देव म्हणायची, आपण तोच शब्द उचलला आणि स्वर्गातल्या बापाला लावला. परमेश्वर तर त्या लोकांकडून घेतला ज्यांनी आपल्याला त्याच्या दारात उभं केलं नाही. ते सगळे शब्द प्रभूने धुऊन घेतले, मग अल्ला एवढाच धुता येत नाही का?"

दाक्षायणीबाई, एलियाजींच्या पत्नी, पुढे बसल्या होत्या. त्या अक्कलकोटकडच्या लिंगायत घरच्या. बोलायला लागल्या तेव्हा आवाज शांत होता. "फुलाबाई, माझ्या गळ्यात लिंग होतं. आई मरायला टेकली तेव्हा मला म्हणाली, एकदा शिवाचं नाव घे, मग जाते. मी घेतलं नाही. ती तशीच गेली. मला सोडता आलं, मग त्या मुलाण्याला का येऊ नये?"

मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, अजून वाटतं. पण मी म्हटलं, "बाई, तुम्ही स्वतः सोडलंत. त्याने सोडतो म्हटलेलं नाही. त्याच्या तोंडातून आपण बोट घालून काढतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गीताचं पुस्तक उघडलं.

सुगीचा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होता. पाट्यांतून बाजरीची कणसं, भोपळे, भुईमूग देवळात आणून मांडले होते. प्रीतिभोजनाला दोन बकरी. दस्तगीरला बोलावायचं नाही म्हणून ठरलेलं, मग कापायचं कोणी? तर भीमाने. भीमा गिरणीत साच्यावर कापड विणणारा, तिशीचा, अंगाने पैलवान, स्वभावाने गरीब. त्याने आयुष्यात कोंबडीही कापलेली नव्हती. पण तो ख्रिस्ती होता, आणि शास्त्राच्या दृष्टीने तेवढं पुरे होतं.

देवळामागे बकरी बांधलेली. दोन्ही एकमेकांसमोर, एक कापायचं तर दुसरं बघत उभं. पाणी कोणी पाजलं नाही. भीमाच्या हातात स्वयंपाकघरातली मोठी सुरी, उघडी, उन्हात चमकत. बकरं तिच्याकडे बघून मागे ओढत होतं. एलियाजींनी प्रार्थना सुरू केली, जनावर पाय झाडत होतं, दोघे जण त्याला दाबून धरून होते, आणि प्रार्थना चाललीच होती. शेवटी "परमेश्वराच्या नावाने" असं म्हणून भीमाने सुरी फिरवली. फिरवली म्हणजे ओढली. धार नाही, हाताला जागा माहीत नाही. बकऱ्याने हिसडा दिला, धरणाऱ्यांचे हात सुटले, आणि ते अर्धी मान तुटलेलं जनावर दोरीसकट भाताच्या हंड्यांकडे धावलं. बायका उठून पळाल्या. बजाबाईच्या लुगड्यावर रक्त उडालं. पोरं रडायला लागली. भीमा तिथेच उभा राहून म्हणत होता, "धरा रे, कोणीतरी धरा रे." एलियाजींचे डोळे मिटलेले होते. माणसाने केव्हा डोळे मिटावेत हे शास्त्रात असेल, मला नाही ठाऊक.

मी कोणाला विचारलं नाही. पदर खोचला आणि नाल्यापलीकडे गेले. दस्तगीर झोपड्याच्या सावलीत बसला होता. मी दम लागून म्हटलं, "मामा, अर्धं कापून सोडलंय."

त्याने कोणी, का, काही विचारलं नाही. सुरी सदऱ्याखाली घातली आणि माझ्या पुढे चालू लागला. त्या वयात असा चालला की मला धावावं लागलं.

बकरं भिंतीपाशी पडलेलं, पाय झाडत. तो जवळ जाऊन बसला. मांडीवर मान घेतली, डोळ्यांवर हात ठेवला. खाली वाकला, इतका की त्याची दाढी रक्ताला लागली. ओठ हलले, सुरी एकदाच फिरली. आणि पुढच्या क्षणाला सगळं शांत झालं. त्याने हात काढला नाही, बकऱ्याचा शेवटचा झटका थांबेपर्यंत तसाच बसला.

मग सुरी पुसली आणि उठला. सगळी मंडळी गोल करून उभी. त्या वेळी कोणी त्याला पाणी द्यावं, हात धुवायला तांब्या द्यावा, एवढं तरी सुचायचं. आबासाहेब पुढे झाले ते विचारायला.

"दस्तगीर, काय म्हणालास?"

"त्याला सोडवलं, आबासाहेब."

"ते दिसलं. नाव कोणतं घेतलंस?"

दस्तगीरने सुरी सदऱ्याखाली घातली. "ज्याला सांगायचं त्याला सांगितलं," म्हणाला, आणि दुसऱ्या बकऱ्याकडे न बघता निघून गेला.

आता खायचं की नाही असा प्रश्न पडला. एलियाजींनी विचार केला आणि निकाल दिला, की नाव कोणी ऐकलेलं नाही, आणि न ऐकता न विचारता खाल्लं तर विवेकाला बाध येत नाही. तेच शास्त्र, तेच बकरं, तोच माणूस. आम्ही ऐकलं नाही म्हणून पवित्र. आणि मंडळी पंगत धरून बसली. दुसरं बकरं सोडून दिलं, एकाच्याच रश्श्यावर दोनशे माणसं जेवली, तो छान झाला होता म्हणतात. मी भात आणि आमटी घेतली. बाळासो माझ्या शेजारी तेवढंच जेवला. भीमा जेवलाच नाही, देवळाच्या मागे भिंतीला टेकून बसला होता.

तीन दिवसांनी आबासाहेब, एलियाजी आणि आमचे हे, असे तिघे दस्तगीरच्या दारात गेले. आता त्यांना तोड सापडली होती. मीही मागोमाग गेले, मेहताबबीला ताक द्यायचं होतं. आबासाहेब म्हणाले, "झालं गेलं विसरून जा. पुन्हा ये. नाव मनातल्या मनात घे, कोणी विचारणार नाही. नाताळ तोंडावर आलाय."

दस्तगीर चुलीसाठी लाकूड फोडत होता. कुऱ्हाड खाली ठेवली.

"मनात?"

"हो. तुझं तुला, आमचं आम्हाला."

"आबासाहेब, त्या दिवशी मी हळू बोललो ते बकऱ्यासाटी. त्याला आदीच लई मानसं ओरडत व्हती." त्याने फोडलेलं लाकूड बाजूला सारलं. "तुमाला लाज वाटती म्हनून हळू बोलायचं, ते मला जमायचं न्हाय. चाळीस वर्सं मोट्यानं बोललोय. लाजन्यासारकं काय केलं मी?"

"म्हणजे येणार नाहीस?"

"न्हाय." मग एलियाजींकडे वळून, "तुमच्यावर राग न्हाय, साहेब. त्या मौलवीसाहेबांनीबी निरोप धाडला. चार मानसांत माफी माग, परमेश्वर म्हनालो ते चुकलं म्हन, मंग तुजं चालू करू. त्यान्लाबी न्हायच म्हनलं. मी कुनालाबी शिवी दिली न्हाय, माफी कशाची?"

एलियाजी काहीतरी बोलणार होते. मेहताबबी आतून म्हणाली, "जाव साब, आता घर जाव," आणि ते गेले. मला त्या क्षणी वाटलं, इतके मंगळवार त्या ओट्यावर जे चाललं त्यापेक्षा संवाद हा इथे झाला, दाराबाहेर, आणि आमच्या बाजूला बोलायला काही नव्हतं.

बिरप्पा धनगर पुलापलीकडच्या माळावर राहतो. त्याने दस्तगीरला आपल्या बकऱ्या राखायला ठेवलं. त्याला हे सगळं कळलं तेव्हा तो चाळीत दूध घालायला आला असताना मला म्हणाला, "आमच्या बिरोबाला तर त्याचं नाव लई आवडतं बाई. तुमच्या देवाला एवढं का लागतंय?" आम्ही ज्यांना अंधारातले म्हणतो त्यातला एक माणूस दुधाचा तांब्या हातात घेऊन हे विचारून गेला. याचं उत्तर कोणी शास्त्री असेल त्याने द्यावं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सभेत मागचं कामकाज वाचायचं होतं. हे उभे राहिले आणि वाचू लागले. सुगीचा सण आनंदाने पार पडला. मुलाणी दस्तगीर याने स्वेच्छेने काम सोडले. पुढे नाताळचे मटण बाजारातून आणावे असे ठरले. बाजारातला कसाईही तेच नाव घेतो, पण तो आमच्या कानांपासून दूर आहे.

"मंजूर?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मी उभी राहिले. बायकांनी उभं राहायचं नसतं, पण पाय गेलेच. "हे खोटं आहे," मी म्हटलं. "त्याने सोडलं नाही. आपण काढून घेतलं."

सगळे मागे वळून पाहू लागले. पुरुषांच्या बाजूने बाळासो म्हणाला, "माझंही नामंजूर." आणि मग, ज्याच्याकडून मला अपेक्षा नव्हती तो भीमा उठला. काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. तिघं उभी आणि बाकीचे बसलेले. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि गीताचा आकडा सांगितला. सगळे गाऊ लागले. मी गायले नाही.

घरी आल्यावर यांनी कामकाजाची वही उघडली आणि ती ओळ शोधली. मग टाक घेऊन "स्वेच्छेने" या शब्दावर एक रेघ मारली.

"आता खरं लिहा," मी म्हटलं.

"मंडळीच्या वहीत मला एकट्याला काही लिहिता येत नाही."

"खोडता येतं?"

यांनी टाक पुसून ठेवला, वही मिटली, आणि म्हणाले, "भूक लागलीय. वाढ."

मी वाढलं नाही.